टेकाडावरची जमीन कशी ओळखावी

बेळगावहून खानापूरकडे निघालात की माती तांबडी होत जाते. भरपूर पावसानं चुना-पोटॅश धुऊन नेलं, लोह मागं राहिलं, त्याचा हा रंग. त्याच लोहाचा जांभा दगड खणताना मऊ लागतो, उन्हावाऱ्यात टणक होतो.

जमीन बघायची तर माथा, उतार आणि तळ अशा तिन्ही ठिकाणी गुडघाभर खड्डा काढा. माथ्यावर वीतभर मातीखाली मुरूम लागला तर तिथं नांगर घालू नका. गवत किंवा काजू ठेवा. मग मूठभर माती ओली करून तळहातावर वळा. वळी लगेच तुटली तर पाणी टिकणार नाही. बोटाएवढी लांब, गुळगुळीत झाली तर चिकणमाती आहे, तिथं भाताचं खाचर धरा. येळ्ळूरच्या काळ्या शिवारात बासमती पिकतो तो याच चिकटपणामुळं.

मधल्या उतारावर आम्ही रताळी लावतो. पाणी निचरलं की वेलाला मानवतं. पण वरंबे उताराला आडवेच घाला. पहिल्या वर्षी मी घाईनं उभे घातले, आणि आषाढातल्या एका रात्रीत निम्मी माती खालच्या ओढ्यात गेली. सकाळी उघडी पडलेली पांढरी मुळं बघून पोटात कालवलं. आता माती धरून ठेवायला बांधावर वाळ्याचं गवत लावलंय.

तांबडी माती आंबट (आम्लधर्मी) असते, चुन्यानं तो आंबटपणा उतरतो, पण चुना अंदाजानं टाकू नका. आधी आठ-दहा जागची माती मिसळून अर्धा किलो तपासायला द्या.