दोनशे तीस वर्षांचा सर्च

सातारा जिल्ह्यात दुय्यम निबंधक कार्यालयात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. खरेदीखत, गहाणखत, हक्कसोड, त्यांच्या नकला आणि वकिलांचा तो कायमचा धोशा: ‘भाऊसाहेब, तीस वर्षांचा सर्च लागतोय, आजच द्या.’ (सर्च म्हणजे मिळकतीच्या मागच्या खतांचा शोध.) निवृत्त झालो आणि सहा महिन्यांसाठी मुलीकडे नॅशव्हिलला आलो. चौथ्या आठवड्यात करण्यासारखं काही उरलं नाही. एका रविवारी जेवताना आमचे अमेरिकन व्याही म्हणाले, ‘आमचं घराणं म्हणजे जहाजातून उतरलेले तीन भाऊ.’ मी सवयीनं विचारलं, ‘कागद काय आहे?’ कागद नव्हता. तिथून त्यांची वंशावळ कागदांतून शोधायचं हे खूळ डोक्यात शिरलं.

(पुढं कळलं की अमेरिकेत निम्म्या घराण्यांचे मूळपुरुष म्हणजे तीन भाऊच असतात.)

मराठी मंडळींची मुलं आता अमेरिकन घरांत पडली आहेत, नातवंडांना दोन्हीकडची वंशावळ हवी असते. म्हणून मी कसं केलं ते लिहितो. ज्याला आपलं मोडी दप्तर पाहून घाम फुटला नाही, त्याला हे जमेल.

सुरुवात जनगणनेपासून करा, पण तिच्यावर विसंबू नका. 1850 च्या आधीच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असतं, बाकी सगळे आकडे. 1850 मध्ये पहिल्यांदा घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य लिहिलं गेलं. व्याह्यांच्या घराण्यातले दोन म्हातारे भाऊ 1850 ला टेनेसीतल्या स्मिथ काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) सापडले. थोरला 53 वर्षांचा, जन्म नॉर्थ कॅरोलायना. धाकटा 48 चा, जन्म टेनेसी. म्हणजे बाप 1797 ते 1802 च्या दरम्यान डोंगर ओलांडून आला. एवढीच पट्टी हातात ठेवायची आणि थेट जमिनीकडे वळायचं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. माणूस कुठं राहत होता हे विचारू नका, त्या साली ती जागा कुठल्या काउंटीत होती हे विचारा. आपल्याकडे जिल्हे फुटले, तालुके बदलले, पण त्यांच्याकडे काउंट्या फुटण्याला ऊतच आला होता. नॉर्थ कॅरोलायनातली कॅसवेल काउंटी 1777 मध्ये ऑरेंजमधून निघाली, नंतर तिच्यातून पर्सन निघाली. स्मिथ 1799 ला समनरमधून निघाली. माणूस जागचा हलत नाही आणि त्याचे कागद मात्र तीन गावच्या कचेऱ्यांत. शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीनं काउंट्यांच्या बदलत्या हद्दींचा नकाशा इंटरनेटवर फुकट ठेवला आहे. साल टाका, हद्द बघा, मगच पुस्तक उघडा.

हे न केल्यानं काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण अब्राहम लिंकन. त्याच्या आईवडिलांच्या लग्नाची नोंद तो जिवंत असेपर्यंत पुढं आली नाही. लोकांनी केंटकीतल्या हार्डिन काउंटीत शोधलं, कारण कुटुंब तिथं राहायचं. नोंद नाही म्हणताच नाही नाही ते बोललं गेलं. त्याच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी ती शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या कचेरीत मिळाली. 10 जून 1806 चा पन्नास पौंडांचा बंधपत्राचा कागद, त्यावर थॉमस लिंकन आणि जामीन रिचर्ड बेरी, आणि 12 तारखेला लग्न लावणाऱ्या जेसी हेड या पाद्र्याची नोंद. नवरी बेरींच्या घरी राहत होती, म्हणून कागद तिथं. लग्न नवरीच्या गावी लागतं हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. अमेरिकेतही शोध नवरीच्या काउंटीत घ्यायचा.

तर खरेदीखतं. फॅमिलीसर्च नावाच्या संकेतस्थळावर काउंटी कचेऱ्यांच्या जुन्या पुस्तकांच्या फिल्मा फुकट बघता येतात. काही घरबसल्या, काही फक्त त्यांच्या केंद्रात जाऊन. प्रत्येक काउंटीला दोन सूच्या असतात: एक लिहून देणाऱ्यांची, एक लिहून घेणाऱ्यांची. आमच्या इंडेक्स दोनवर, म्हणजे नोंदवलेल्या खतांच्या सूचीवर, वाढलेल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटतं. नियम साधा आहे. ज्या काउंटीत माणूस आला तिथं लिहून घेणाऱ्यांची सूची आधी बघा, जिथून गेला तिथं लिहून देणाऱ्यांची. कारण नव्या गावी पहिली जमीन घेताना पुष्कळदा कारकून लिहितो, ‘अमुक, राहणार तमुक काउंटी’, आणि ती तमुक काउंटी जुनी असते. आमच्या मूळपुरुषाचं 1801 चं स्मिथ काउंटीतलं खत उघडलं, तर तिसऱ्याच ओळीत ‘राहणार कॅसवेल काउंटी, नॉर्थ कॅरोलायना’. व्याही खुर्चीतून उठून उभे राहिले. त्यांच्या घरात ही माहिती दोनशे वर्षं कुणाकडे नव्हती आणि कचेरीत ती तितकीच वर्षं पडून होती.

खत सबंध वाचा, नुसती नावं उचलू नका. चतुःसीमा तर सोडूच नका. ‘पांढऱ्या ओकपासून सुरू, तिथून उत्तर चाळीस अंश पूर्वेकडे 120 पोल हिकरीच्या झाडापर्यंत’ असं चालतं. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. दोन पोल म्हणजे 33 फूट, म्हणजे बरोबर आपल्या गुंठ्याची एक बाजू! ती मोजणीची साखळी इंग्रजांनी इकडेही ओढली आणि तिकडेही. त्या रात्री मी जावयाला कागदावर चौकोन काढून दाखवला: 33 गुणिले 33, असे चाळीस म्हणजे एक एकर. तो म्हणाला, ‘बाबा, तुम्ही हे आधी का नाही सांगितलं?’ आधी विचारलं कुणी!

झाडं मेली, खुणेचे दगड गेले, पण ओढे राहतात. खतात ओढ्याचं किंवा नदीचं नाव बहुतेक वेळा असतं: कॅसवेलमध्ये कंट्री लाइन क्रीक, स्मिथमध्ये केनी फोर्क नदी. एका नावाची दोन माणसं वेगळी करायला ओढ्यासारखं साधन नाही. हे मी तीन आठवडे वाया घालवून शिकलो. कॅसवेलमध्ये आमच्या माणसाच्या नावाचे दोघे होते, एकापुढं ‘सीनियर’, दुसऱ्यापुढं ‘ज्युनियर’. मी आपले बापलेक धरून चाललो आणि सीनियरची डॅन नदीकाठची सगळी जमीन उतरून काढली. त्या काळी हे शब्द नुसते मोठा-धाकटा ओळखण्यासाठी लावत. चुलता-पुतण्या, कधी नात्याचेच नव्हेत. सीनियर मेला की ज्युनियर सीनियर व्हायचा. शेवटी सहीनं निकाल दिला. डॅन नदीवाला नाव लिहायचा, आमचा माणूस निशाणी करायचा, आपल्याकडच्या ‘नि. डा. हा. अं.’सारखी (निशाणी डाव्या हाताचा अंगठा). पुस्तकातली सही कारकुनाच्या हातची नक्कल असते, त्यामुळं अक्षर जुळवून काही हाती लागत नाही. पण ‘याची निशाणी’ हे शब्द तो इमानानं उतरवतो.

किमतीवरूनही फसायला होतं. व्हर्जिनियाच्या जुन्या पुस्तकांत दोनशे एकर पाच शिलिंगांना दिलेले दिसतात. मी म्हटलं, व्वा, भावकीतला व्यवहार दिसतोय. पान उलटलं तर दुसऱ्या दिवशीच्या तारखेचा दुसरा कागद, तीच माणसं, तीच जमीन, आणि तिथं खरी रक्कम. आधी वर्षभराचा भाडेपट्टा करायचा, भाडं म्हणून मिरीचा एक दाणा लिहायचा, आणि दुसऱ्या दिवशी मालकीचं सोडपत्र करायचं, अशी ती कायद्यातली पळवाट होती. दोन्ही कागद जोडीनं वाचा. खरा नात्यातला कागद वेगळा ओळखू येतो: त्यात मोबदल्याच्या जागी ‘स्वाभाविक प्रेम आणि माया’ असं लिहिलेलं असतं, आणि हे आपलं बक्षीसपत्र.

तारखा दोन असतात: लिहिल्याची आणि नोंदवल्याची. मध्ये कधी कधी वीस वर्षं. म्हणून माणूस गेल्यानंतरच्या सूच्याही चाळा. आणि 1752 च्या आधी इंग्रजी वसाहतींत वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळं जानेवारी-फेब्रुवारीतल्या कागदावर 1731/2 असं दुहेरी साल दिसलं तर दचकू नका. शके आणि इसवी सन एकत्र हाताळणाऱ्यांना यात विशेष काही नाही.

कायदाही बघावा लागतो. लिंकनचा आजोबा 1786 मध्ये केंटकीत मारला गेला. तेव्हा तिथं व्हर्जिनियाचा कायदा होता आणि मृत्युपत्र नसेल तर जमीन थोरल्या मुलाची. हा नियम 1 जानेवारी 1787 पासून गेला. काही महिन्यांच्या फरकानं चुकामूक झाली आणि धाकट्या थॉमसच्या वाट्याला बापाची जमीन आली नाही. कागदात एखाद्या मुलाचं नाव नाही म्हणून तो मुलगा नव्हताच, असं धरू नका. साल आणि कायदा जुळवा.

आता लग्नाचे कागद. राज्याराज्यांत फरक फार आहे. पेनसिल्व्हेनियात काउंटीकडं लग्नाची नोंद 1885 पासून, साउथ कॅरोलायनात परवाने 1911 पासून. तिथं चर्चची दप्तरं, मृत्युपत्रं यांच्यावरच भागवावं लागतं. नॉर्थ कॅरोलायनात मात्र 1741 ते 1868 बंधपत्रं होती. नवरा आणि एक जामीनदार लिहून देत की या लग्नाला कायद्याची काही हरकत निघाली तर इतकी रक्कम भरू. पैसे प्रत्यक्ष कुणी देत नसे. लक्षात ठेवा, हा साखरपुड्याच्या पातळीचा कागद आहे. लग्न लागलंच असं त्यावरून म्हणता येत नाही.

नवरा-नवरीच्या नावांवर थांबू नका, खरा ऐवज जामीनदार आहे. तो पुष्कळदा नवरीचा बाप किंवा भाऊ. आमच्या 1793 च्या बंधपत्रावर जो जामीन, तोच 1800 साली आमच्या माणसानं कंट्री लाइन क्रीकवरचे शंभर एकर विकले त्या खतावर साक्षीदार. एकदा साक्षीदार म्हणजे योगायोग, दोनदा म्हणजे मेहुणा. पण हे माझं अनुमान झालं, आणि अनुमानावर आम्ही कधी नक्कल दिली नाही.

पुरावा मिळाला तो मुखत्यारपत्रात. लोक खरेदीखतं बघतात आणि मुखत्यारपत्रं सोडून देतात, आपल्याकडेही तसंच. 1811 मध्ये स्मिथ काउंटीतून नवरा-बायको दोघांनी त्याच माणसाला लिहून दिलं, की बायकोच्या मयत वडिलांच्या मिळकतीतला आमचा हिस्सा कॅसवेलमध्ये जाऊन वसूल कर. बापाचं नाव, मुलीचं नाव, दोन्ही काउंट्या, सगळं एका पानावर. परगावी गेलेली लेक माहेरचा हिस्सा कागदानं मागते. हा एक कागद दहा खरेदीखतांना भारी.

हे कागद शोधायला आता नवी सोय आहे. फॅमिलीसर्चनं 2024 मध्ये हस्ताक्षर वाचणारा शोध सुरू केला, त्यात सूचीत न आलेली नावंसुद्धा सापडतात. त्यात आपल्या माणसाचं नाव टाकू नका, हजार निकाल येतील. साक्षीदाराचं नाव आणि ओढ्याचं नाव टाका. मशीन ‘एस’ जोडीनं आला की चुकतं, कारण जुन्या अक्षरात पहिला एस ‘एफ’सारखा दिसतो. स्पेलिंगं चार प्रकारे करून बघा.

एक गोष्ट सांगायला हवी. दक्षिणेतल्या या पुस्तकांत जमिनीच्या खतांच्या मध्येच माणसांची खतं येतात. पिसांची गादी, दोन गाई, आणि त्याच ओळीत एका मुलीचं नाव आणि वय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी फिल्म बंद करून बाहेर अंगणात जाऊन उभा राहिलो. ती नावं वगळून टिपण करू नका. गुलामगिरीतून आलेल्या घराण्यांना त्यांच्या पूर्वजांचं नाव पुष्कळदा फक्त अशाच ओळीत सापडतं, आणि ज्याच्या घराण्याचा कागद आपण वाचतोय त्यालाही ते माहीत असलेलं बरं. व्याह्यांना मी ते पान दाखवलं. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, नावासकट उतरून घ्या.

मूळपुरुषाच्या बापानं 1779 मध्ये कॅसवेलमध्ये जमीन घेतली, त्या खतात ‘राहणार हॅलिफॅक्स काउंटी, व्हर्जिनिया’. हॅलिफॅक्स 1752 ला लुनेनबर्गमधून निघालेली, म्हणजे त्याआधीचं सगळं लुनेनबर्गच्या दप्तरात. आणि ते तीन भाऊ? 1801 ला स्मिथ काउंटीत शेजारी शेजारी जमीन घेणारे तिघं खरेच होते: आमचा माणूस आणि त्याचे दोन मेहुणे. जहाज कुठंच नाही. व्याही अजूनही पाहुण्यांना तीन भाऊच सांगतात, फक्त मी खोलीत असलो तर आवाज खाली घेतात.

लुनेनबर्गच्या फिल्मा सुरू केल्यात. परतीचं तिकीट नोव्हेंबरचं आहे.