मेल जातो, पण येत नाही: सर्व्हर तपासताना या चुका टाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात मी मेल सर्व्हर बसवला. मालकांच्या पत्त्यावरून अकाउंट्सला मेल टाकला, क्षणात पोचला. काम झालं म्हणून घरी आलो. पाचव्या दिवशी पुण्याच्या गिऱ्हाईकाचा त्यांना फोन: "अहो, ऑर्डरचा मेल परत आला की!"

ऑफिसातली मंडळी मेल पाठवताना पोर्ट ५८७ (पोर्ट म्हणजे सर्व्हरचं क्रमांक दिलेलं दार) वापरत होती आणि तो उघडा होता. बाहेरचे सर्व्हर मात्र २५ वरच येतात, आणि फायरवॉलमध्ये नेमका तोच बंद होता. माझा चाचणीचा मेल सर्व्हरच्या आतच फिरला, २५ च्या वाटेला गेलाच नाही. पाठवणारा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करून मगच मेल परत करतो, म्हणून इतके दिवस कोणाला पत्ता नव्हता. आपल्या लॉगमध्येही (सर्व्हरच्या नोंदवहीत) काही दिसत नाही, कारण दारापर्यंत कोणी आलेलंच नसतं. म्हणून येणाऱ्या मेलची चाचणी बाहेरच्या पत्त्यावरूनच करा.

त्यानंतर लोक घरून टेलनेट (सर्व्हरच्या पोर्टशी थेट बोलायचं साधन) लावून बघतात आणि तिथे उलटी फसगत होते. बऱ्याच ब्रॉडबँड आणि क्लाउड कंपन्या बाहेर जाणारा पोर्ट २५ अडवतात. दोष आपल्या वाटेत असतो आणि आपण चांगली फायरवॉल मोडत बसतो. आधी त्याच ठिकाणाहून जीमेलच्या एमएक्स सर्व्हरचा (बाहेरून येणारा मेल घेणाऱ्या सर्व्हरचा) २५ लावून बघा. तिथून २२० हा 'तयार आहे' सांगणारा कोड आला, तरच आपल्या सर्व्हरबद्दल बोलण्यात अर्थ आहे.

एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जायचा ती नोंद) ऑफिसच्या डीएनएसला, म्हणजे नावांवरून पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरला, विचारू नका, गूगलच्या ८.८.८.८ ला विचारा. त्यात सर्व्हरचं नाव हवं, आयपी चालत नाही, सीनेमही (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारं टोपणनाव) नाही. झोन फाइल (डोमेनच्या डीएनएस नोंदींची फाइल) हाताने लिहिली असेल तर नावाच्या शेवटचा टिंब बघा. तो राहिला की डोमेन दोनदा जोडलं जातं.

टेलनेटवर मेल संपल्याची खूण म्हणून दिलेल्या शेवटच्या टिंबानंतर २५० ('स्वीकारलं') आला म्हणजे सर्व्हरने मेलची जबाबदारी घेतली, इतकंच. इनबॉक्स अजून लांब आहे. त्या ओळीतला क्यू नंबर (मेलचा रांगेतला क्रमांक) लॉगमध्ये शोधा आणि मेल शेवटी कुठे टाकला गेला ते वाचा. मध्येच ४५० (तात्पुरता नकार) आला तर घाबरू नका. ग्रेलिस्टिंग चालू असेल तर सर्व्हर अनोळख्याला मुद्दाम थोड्या वेळाने यायला सांगतो.

काय नाकारलं जातं हेही तपासा, हे मी कळकळीने सांगतो. नसलेल्या माणसाच्या पत्त्याला ५५० (कायमचा नकार) मिळायला हवा. लॉगिन न करता परक्या डोमेनचा पत्ता दिला आणि सर्व्हरने तो घेतला, तर तो ओपन रिले आहे, म्हणजे कोणाचाही मेल कुठेही पाठवून देतो. स्पॅमवाले त्याला लवकरच शोधून काढतात, म्हणून आधी तो बंद करा. रिकाम्या पाठवणाऱ्याचा मेल मात्र घेतलाच पाहिजे, कारण परत आलेल्या मेलच्या सूचना तशाच येतात. मेलच्या अडचणी कळवायचा पोस्टमास्टर हा पत्ताही चालू हवा.

पोस्टफिक्स या मेल सर्व्हर प्रोग्राममध्ये एका मेलची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइट असते. अटॅचमेंट एन्कोड होताना साधारण एक तृतीयांशाने फुगते, त्यामुळे ८ एमबीची फाइलही अडकते. कारखान्यांची ड्रॉइंग अशीच जड असतात. आता मी काम सोपवण्याआधी गिऱ्हाईकाचं सगळ्यात मोठं ड्रॉइंग मागून घेतो आणि तेच बाहेरून पाठवून बघतो.