टाकीच्या कंट्रोलरचा पीसीबी: कॉम्प्युटरवरून गच्चीपर्यंत

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी भरली की पंप बंद, रिकामी झाली की चालू. एवढंच काम करणारा कंट्रोलर ब्रेडबोर्डवर एका रविवारी जमतो. त्याचेच पन्नास नग करायचे, सगळे सारखे चालायचे आणि तीन-चार पावसाळे काढायचे म्हटलं की खरी मेहनत सुरू होते. या लेखात मी हाच बोर्ड (पीसीबी, म्हणजे पार्ट जोडायची तांब्याच्या रेघांची छापील पाटी) धरून चालतो: एटमेगा ३२८ मायक्रोकंट्रोलर, २३० व्होल्टवरून १२ व्होल्ट देणारा सीलबंद मॉड्यूल, एक रिले (छोट्या करंटने चालणारा स्विच) आणि सेन्सरच्या वायरींसाठी स्क्रूचे टर्मिनल. बोर्ड बंद पडतो गच्चीवर, पण बहुतेक वेळा त्याचं मूळ डिझाइनमध्ये असतं. आणि ते मूळ आधी कोणाला दिसत असेल, तर असेंब्लीच्या टेबलावर सोल्डरिंग गन घेऊन बसलेल्या ताईंना. त्यांना कोणी विचारत नाही, ही गोष्ट वेगळी.

आधी जागा बघा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी डबा कुठे लटकणार ते बघून या. दुपारी उन्हात तापलेला डबा, जुलैमधली ओल, मुंग्या, आणि पंप बंद होताना लाइनवर येणारे झटके. पार्ट कोणते घ्यायचे हे यावरून ठरतं.

इलेक्ट्रोलायटिक कॅपॅसिटरचं उदाहरण घ्या. ढोबळ नियम असा की तो त्याच्या कमाल तापमानापेक्षा दर १० अंश थंड राहिला की आयुष्य दुप्पट होतं. डब्यात ६५ अंश धरले, तर ८५ अंशाला २००० तास टिकणारा कॅपॅसिटर इथे ८००० तास टिकेल, म्हणजे अकरा महिने. वॉरंटीच्या आतच गेला! तोच १०५ अंशाचा घेतला तर ३२,००० तास, साडेतीन वर्षांच्या वर. दोघांच्या किमतीतला फरक चहाच्या पैशांएवढाही नसतो. तापणाऱ्या रेग्युलेटरला चिकटून मात्र तो ठेवू नका.

रिलेचंही तसंच. निळ्या डबीसारख्या छोट्या रिलेवर १० अँपिअर छापलेलं असतं, पण ते हीटरसारख्या रेझिस्टिव्ह लोडसाठी. एक एचपीची मोटर चालताना पाच-सहा अँपिअर घेत असली तरी सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहापट ओढते. तेवढ्याने कॉन्टॅक्ट चिकटतो, पंप बंदच होत नाही आणि टाकी जिन्यातून वाहायला लागते. म्हणून बोर्डावरच्या रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोठा भार पेलणाऱ्या रिलेची, कॉइल चालवायची, मोटरचा भार कॉन्टॅक्टरवर. रिलेच्या स्वतःच्या कॉइलवर उलटा डायोड आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर आरसी स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कॅपॅसिटरची जोडी) हवाच. मेन्सच्या बाजूला पहिला फ्यूज, त्याच्यानंतर एमओव्ही, म्हणजे लाइनवरचे व्होल्टेजचे झटके गिळणारा पार्ट. क्रम उलटा झाला तर शॉर्ट झालेल्या एमओव्हीला तोडणारं बोर्डावर कोणी उरत नाही.

सर्किट आणि पार्टांची यादी

सर्किट कीकॅड (KiCad) या सॉफ्टवेअरमध्ये काढा. फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं. ईआरसी, म्हणजे सर्किटमधल्या जोडण्यांची आपोआप तपासणी, चालवा, आलेला प्रत्येक इशारा वाचा. पण माझ्या मते सर्किटपेक्षा बीओएमवर, म्हणजे पार्टांच्या यादीवर, जास्त वेळ घालवावा.

हे मी स्वतः पैसे घालवून शिकलो. एका लॉटच्या यादीत रिलेच्या ट्रान्झिस्टरसमोर मी नुसतं ‘एनपीएन’ लिहिलं होतं. डोक्यात बीसी ५४७ होता. दुकानात तो संपला होता, म्हणून पीएन २२२२ आला. तोही एनपीएन, आकार तोच, तीनच पाय. पण सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीसी ५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात आणि पीएन २२२२ चे एमिटर, बेस, कलेक्टर. सगळे ट्रान्झिस्टर छापलेल्या अर्धगोलाप्रमाणे अगदी व्यवस्थित बसवलेले, आणि एकाही बोर्डावर रिले ओढेना. चूक दुकानदाराची नव्हती, जोडणाऱ्यांचीही नव्हती. सगळे काढून उलटे बसवण्यात एक अख्खा दिवस गेला आणि काही पॅड (पाय जिथे सोल्डर होतो ते तांब्याचे ठिपके) उखडले ते वेगळंच.

तेव्हापासून यादीत प्रत्येक ओळीला कंपनीचा पूर्ण पार्ट नंबर, व्होल्टेज, टॉलरन्स, पॅकेज आणि मी स्वतः तपासलेला एक पर्याय लिहितो. पर्याय नसेल तर ‘बदलू नये’ असं स्पष्ट. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातली तपकीर गल्ली नमुन्यासाठी उत्तम, सकाळी गेलं की दुपारी बोर्ड चालू. पण लॉटसाठी आयसी आणि रिले अधिकृत वितरकाकडूनच घ्या. जुन्या बोर्डावरून काढून पाय चकचकीत केलेली आयसी नुसत्या डोळ्यांनी ओळखणं कठीण असतं.

लेआउट

पहिली रेघ ओढण्याआधी बोर्डाचे दोन भाग करा: एका बाजूला २३० व्होल्ट, दुसऱ्या बाजूला १२ आणि ५ व्होल्ट. मधे ८ मि.मी. मोकळी जागा, तिच्यात कुठलाही ट्रॅक (तांब्याची रेघ) नाही, ग्राउंडचं तांबं नाही. रिलेच्या पायांपाशी एवढं अंतर मिळत नसेल तर तिथे बोर्डातच खाच पाडून घ्या. ओली धूळ बोर्डाच्या पृष्ठभागावर बसते आणि तिच्यावरून करंट सरपटत जातो. खाच असली की त्याला वळसा घ्यावा लागतो. सेन्सरच्या वायरी शेवटी टाकीतल्या पाण्यात उतरणार आहेत, त्यामुळे इथे कंजुषी करायची नाही.

ट्रॅकची रुंदी अंदाजाने ठरवू नका. नेहमीच्या ३५ मायक्रॉन तांब्यावर, बाहेरच्या थरात, १० अंश तापमानवाढ धरली तर १ अँपिअरला ०.३ मि.मी. आणि ५ अँपिअरला साधारण २.८ मि.मी. लागतात. करंट पाचपट झाला की रुंदी नऊपटीच्या वर जाते, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. मायक्रोकंट्रोलरच्या प्रत्येक पॉवर पिनला ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर पिनला अगदी लागून हवा. कोपऱ्यात जागा होती म्हणून तिथे टाकलेला कॅपॅसिटर सर्किटमध्ये दिसतो, कामाला येत नाही. रिले ओढताना मायक्रोकंट्रोलर रीसेट होतोय अशी तक्रार आली की मी आधी हाच शोधतो.

आता जोडणाऱ्याच्या बाजूने बघा. ग्राउंडच्या मोठ्या पट्ट्यात थेट बुडवलेला पॅड सोल्डर करणं म्हणजे उघड्या मैदानात शेगडी पेटवणं. सगळी उष्णता तांबं ओढून घेतं, गन जास्त वेळ धरावी लागते आणि शेवटी पॅड उचलला जातो किंवा ड्राय जॉइंट, म्हणजे नीट न धरलेला कच्चा जॉइंट, राहतो. असा पॅड चार बारीक दांड्यांनीच ग्राउंडला जोडा. भोकं पायापेक्षा ०.२५ ते ०.३ मि.मी. मोठी ठेवा आणि पाय स्वतः व्हर्नियरने मोजा, लायब्ररीवर विसंबू नका. डायोड, कॅपॅसिटर सगळे एकाच दिशेला तोंड करून बसवा, म्हणजे उलटा बसलेला एक लांबूनही नजरेत भरतो. धन-ऋणाची खूण पार्ट बसल्यावरही दिसेल अशी, पार्टाच्या बाहेर छापा. एलईडीजवळ नुसता ठिपका नको, डायोडचं पूर्ण चिन्ह हवं. ठिपक्याचा अर्थ दर कंपनीगणिक बदलतो.

डीआरसी, म्हणजे लेआउटमधल्या अंतरांची आणि रुंदीची आपोआप तपासणी, स्वच्छ आली की लेआउट कागदावर एकास एक छापा, थर्माकोलवर चिकटवा आणि खरे पार्ट त्यावर टोचून बघा. टर्मिनलचं तोंड आतल्या बाजूला वळलेलं, रिलेचा पाय दीड मिलिमीटर सरकलेला, स्क्रूच्या डोक्याखाली गेलेला ट्रॅक, हे सगळं तिथे पाच मिनिटांत सापडतं.

बोर्ड बनवायला देताना

गर्बर (प्रत्येक थराचं चित्र) आणि ड्रिल (भोकांची) फाइल काढल्या की लगेच पाठवू नका. वेगळ्या गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडून एकेक थर बघा. खाच कधी कधी आउटलाइनच्या थरात गेलेलीच नसते आणि बोर्ड तिच्याविना येतो. मागणीत एफआर-४ (फायबर-ग्लासचा बोर्ड), १.६ मि.मी. जाडी, ३५ मायक्रॉन तांबं, सोल्डर मास्क (तांब्यावरचा रंगीत संरक्षक थर) आणि फिनिश (पॅडवरचा मुलामा) हे सगळं लिहा. या बोर्डाला एचएएसएल, म्हणजे सोल्डरचा मुलामा, पुरतं, सोन्याच्या मुलाम्याची गरज नाही.

मशीनने पार्ट बसवणार असाल तर बोर्डावर तीन कोपऱ्यांत १ मि.मी.चे फिड्युशियल ठिपके (मशीनला जागा ओळखायच्या खुणा) ठेवा, त्यांच्याभोवती मास्क मोकळा. चौथा कोपरा मुद्दाम रिकामा, म्हणजे पॅनल (एकत्र जोडलेल्या अनेक बोर्डांची पाटी) उलटं गेलं तर मशीनला कळतं. पॅनलमधून बोर्ड तोडायच्या रेषेजवळ सिरॅमिक कॅपॅसिटर नकोत. पाच मिलिमीटर आत घ्या, आणि जवळ ठेवावाच लागला तर रेषेला समांतर ठेवा. बोर्ड हाताने मोडताना वाकतो, आतला कॅपॅसिटर केसाएवढा तडकतो आणि तपासणीत पासही होतो. मग ओल आत शिरली की तो शॉर्ट होतो.

जोडणी

मशीनच्या जोडणीत लागणारी सोल्डर पेस्ट फ्रिजमध्ये, साधारण २ ते १० अंशांत ठेवायची असते. सकाळी बरणी बाहेर काढली की झाकण उघडण्याची घाई करू नका. तीन-चार तास तशीच ठेवा. थंड बरणी दमट हवेत उघडली की आत दव धरतं आणि रिफ्लोमध्ये (ओव्हनमध्ये पेस्ट वितळवताना) सोल्डरचे बारीक मणी चहूकडे उडतात. पावसाळ्यात हे जास्तच. आयसीच्या पाकिटावर ‘एमएसएल ३’ (ओल किती सोसते याची श्रेणी) असेल तर पाकीट फोडल्यापासून १६८ तासांत ती सोल्डर झाली पाहिजे. उरलेल्या आयसी सिलिका जेलसकट पुन्हा सीलबंद करा, पाकिटावर तारीख आणि वेळ लिहा. ओल धरलेली आयसी ओव्हनमध्ये आतून फुगून तडकू शकते.

शिसं असलेला ६३/३७ सोल्डर १८३ अंशांना वितळतो, शिसं नसलेला एसएसी ३०५ सुमारे २१७ ला. दोन्हींचा रिफ्लो प्रोफाइल (ओव्हनच्या तापमानाचं वेळापत्रक) वेगळा, तेव्हा कुठला वापरणार ते लेखी ठरवा. पुढे दुरुस्तीलाही तोच वापरायचा.

रिले, टर्मिनल, मॉड्यूल हे हाताने. गनचं टोक पाय आणि पॅड दोघांना एकदम टेकवा, एक सेकंद थांबा, सोल्डरची तार गनला न लावता पायाला लावा. तार आपोआप वितळून पायाभोवती चढते. चांगला जॉइंट तंबूसारखा दिसतो: कडेला पातळ, मधे पायाकडे चढत गेलेला. गोळीसारखा फुगीर असला तर सोल्डर पॅडवर नुसता बसला आहे, धरलेला नाही. पहिले पाच बोर्ड जोडले जात असताना तिथे जाऊन बसा आणि काय अडतंय ते विचारा. “साहेब, हा टर्मिनल आधी लावला तर गन आत जात नाही,” हे एक वाक्य पुढच्या लेआउटमधला तासभर वाचवतं.

धुणं, लेप, तपासणी

फ्लक्सचा (सोल्डर नीट चढावा म्हणून वापरलेल्या द्रव्याचा) चिकट थर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने काढा. रिले सीलबंद नसेल तर धुतल्यावरच बसवा, नाहीतर विरघळलेला फ्लक्स कॉन्टॅक्टवर जाऊन बसतो. बोर्ड पूर्ण वाळल्यावर टर्मिनल, कनेक्टर आणि प्रोग्रॅमिंगचे पिन टेपने झाकून अ‍ॅक्रिलिकचा कॉन्फॉर्मल, म्हणजे ओलीपासून वाचवणारा पातळ, लेप द्या. मळक्या बोर्डावर लेप देण्यापेक्षा न दिलेला बरा. फ्लक्स आणि ओल खाली कोंडली की तांबं हिरवं पडायला लागतं.

लेपाच्या आधी तपासणी. प्रथम भिंगाखाली नजर, मग मल्टिमीटरने १२ आणि ५ व्होल्टच्या रेषा ग्राउंडला शॉर्ट नाहीत ना ते. त्यानंतर पहिल्यांदा मेन्स देताना सिरीजमध्ये ६० वॉटचा फिलामेंटचा दिवा ठेवा. एलईडीचा दिवा इथे चालत नाही. दिवा लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि फ्यूजही वाचला, बोर्डही वाचला. क्षणभर लुकलुकून विझला तर पुढे जा. बोर्डाला हात लावायचा तो प्लग काढूनच, हे सांगायला नको, तरी सांगतो. नंतर प्रोग्रॅम टाका, सेन्सरच्या जागी स्विच लावून रिले शंभरदा ओढा-सोडा, आणि लॉट रात्रभर बंद डब्यात चालू ठेवा. कच्चा जॉइंट असेल तर तो बऱ्याचदा पहिल्याच रात्री उघडा पडतो.

प्रत्येक बोर्डावर लॉट नंबर टाका. दोन वर्षांनी एखादा परत आला तर त्या लॉटमध्ये कोणती रिले होती हे वहीत बघून सांगता यायला हवं. डबा लावताना वायरी खालच्या बाजूने आत घ्या आणि शिरण्याआधी प्रत्येकीला झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पावसाचं पाणी झोळापाशीच टपकतं.