मुलांसाठी भातुकलीवाली मोबाईल गेम कशी निवडायची

प्ले स्टोअरवर शोधायला गेलं की डॉक्टर-डॉक्टर, शाळा-शाळा, किचन, पार्लर, सुपरमार्केट असल्या गेम्सचा नुसता ढीग येतो आणि सगळ्यांची चित्रं सारखीच, मोठ्या डोळ्यांची बाहुली आणि गुलाबी घर, त्यामुळे चित्र बघून काहीच कळत नाही. तीन ते सात वर्षांची मुलं डोळ्यासमोर ठेवून लिहितेय. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला फोन नकोच. 2 ते 4 वर्षांसाठी दिवसाला जास्तीत जास्त 1 तास, त्याहून कमी तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय आणि त्या तासात टीव्हीवरचं कार्टूनही आलं बरं का.

सगळ्यात आधी हे बघा की गोष्ट कोण ठरवतंय, मूल का गेम? बऱ्याच गेममध्ये बाण दाखवतात, इथे दाब, आता तिथे दाब, शाब्बास, हे घे स्टार, आणि पोरगं नुसतं दाबत बसतं, याला भातुकली नाही म्हणता येत. चांगल्या गेममध्ये काही जिंकायचं नसतं, टायमर नसतो, 'उद्या परत ये आणि बक्षीस घे' नसतं. माझी भाची गेममधल्या दवाखान्यातल्या आजीला उचलून स्वयंपाकघरात आणते, फ्रीजमधला मासा तिच्या हातात देते आणि स्वतःशीच बडबडते, "आजी, ताप आलाय ना, मग आंघोळ नाही करायची, हे खा आणि झोप." गेमने तिला यातलं काहीच सांगितलेलं नसतं. मुलाच्या तोंडून असं बोलणं येत असेल तर गेम बरोबर निवडलीय समजा.

आता प्रत्यक्ष कसं तपासायचं. इन्स्टॉल बटणाच्या आसपास 'जाहिराती आहेत' आणि 'अ‍ॅपमधून खरेदी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते आधी वाचा. किड्स विभागात काही गेम्सना शिक्षकांनी पसंत केल्याचा बिल्ला असतो, तो असला तर चांगलंच, पण तरी मुलाच्या हातात द्यायच्या आधी स्वतः दहा-पंधरा मिनिटं खेळा. दर दोन मिनिटांनी जाहिरात येते का, ती बंद करायची फुली इतकी बारीक आहे का की लहान बोट हमखास जाहिरातीवरच पडेल, गेममधली अर्धी घरं पैसे भरेपर्यंत कुलूप लावून ठेवलीत का, हे सगळं तेवढ्यात कळतं. मग एअरप्लेन मोड लावून परत उघडा. नेटशिवाय चालत असेल तर अर्धी काळजी मिटली, प्रवासातही कामाला येते.

नावं हवी असतील तर अगदी लहानांसाठी सागो मिनी बघा, प्राणी, मोठी चित्रं, वाचायला काही नाही. माय प्लेहोम एकदा पैसे भरून घ्यायची आहे, त्यात दिव्याचं बटण दाबलं की दिवा लागतो, तोंडाशी घास नेला की माणूस खातो, मला ही फार आवडते. टोका बोका वर्ल्ड पाच-सहा वर्षांच्या पुढे द्या, दुसऱ्या कंपन्यांच्या जाहिराती नसतात पण नवी घरं विकत घ्यायला दुकान आतच आहे आणि मुलं मागं लागतात. फुकट पण जाहिरातींनी भरलेल्या पाच गेम्सपेक्षा एक विकतची गेम घ्या असं माझं स्पष्ट मत आहे.

पैशांची सोय आधी लावा. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायचं सेटिंग चालू करा, आयफोनवर स्क्रीन टाईममध्ये जाऊन अ‍ॅपमधली खरेदी बंदच करता येते. खरेदीच्या आधी गेममध्ये 'मोठ्यांसाठी' म्हणून जो गुणाकार विचारतात त्याच्या भरवशावर राहू नका, दुसरीतिसरीतला दादा शेजारी असला की तो चुटकीसरशी सुटतो. अँड्रॉइडवर अ‍ॅप पिन करा, आयफोनवर गाईडेड अ‍ॅक्सेस लावा, म्हणजे मूल गेममधून निघून व्हॉट्सअ‍ॅपवर कोणाला काही पाठवून बसणार नाही.

आणि एवढं करूनही चुकून खरेदी झालीच तर गुगल प्लेवर 48 तासांच्या आत रिफंडची विनंती टाका, नंतर बघू म्हणून ठेवू नका.