शाळा व्यवस्थापन समितीत नाव आलंय? मग आधी आराखडा मागा

झेडपीची शाळा सुधारायची म्हटलं की सगळे आमदारांकडे धावतात, पण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई) पालकांना आधीच अधिकार देऊन ठेवलाय. समितीत किमान पाऊण हिस्सा पालक आणि निम्म्या महिला हव्यात असं कलम 21 सांगतं. बऱ्याच आयांना आपण सदस्य आहोत हे सही करतानाच कळतं, याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून मीटिंग मजुरीवरून परत आल्यावरच्या वेळेला ठेवायला लावा.

मग मुख्याध्यापकांकडे शाळा विकास आराखडा मागा. कलम 22 प्रमाणे तो समितीनेच करायचा असतो आणि सरकारी अनुदानाला आधार त्याचाच असतो. मागच्या वर्षीचाच उतरवून आणला असेल तर सही करू नका, भांडायचं नाही, फक्त म्हणा, "सर, आधी शाळेत एक चक्कर मारू." आणि खरंच मारा. नळ सोडून बघा, मुलींच्या टॉयलेटला आतून कडी लागते का बघा. तिसरीच्या वर्गात एकेका मुलाला जवळ बसवून दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचायला द्या, न रागावता, आणि कोण कुठे अडखळतं ते वहीत टिपा. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सगळ्यात आधीचं प्राधान्य तिसरीपर्यंत वाचन आणि आकडेमोड पक्की होण्याला आहे, तेव्हा ही वही म्हणजे तुमचा सगळ्यात मोठा पुरावा.

आता आराखडा लिहिताना, नुसतं "शौचालय दुरुस्ती" लिहून कोणी हलत नाही. "मुलींच्या टॉयलेटची कडी तुटलीय, सातवीच्या मुली जेवणाच्या सुट्टीत घरी जातात त्या परत येत नाहीत" असं लिहा, वाचणाऱ्याला दार दिसलं पाहिजे.

शिक्षक कमी असतील तर आरटीईचा निकष आकड्यात टाका, पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 61 ते 90 ला 3. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदानही पटावर ठरतं, त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेसाठी असतात, त्या खर्चाचा हिशोब दर मीटिंगला मागा, तो तुमचा हक्कच आहे.

प्रत्येक ठराव इतिवृत्तात चढवा, कॉपी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. तरी काम अडलं तर कलम 32 खाली लेखी तक्रार करा, त्यावर 3 महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि तेव्हा ती पोचच कामाला येते.