स्क्रूवरचा ठिपका बघा

2019 च्या पुरात बुडालेली माझी जुनी जपानी मोटरसायकल सांगलीत घरीच उघडायला घेतली आणि कार्बोरेटरच्या दोन स्क्रूंची फुली पार गुळगुळीत करून ठेवली. चूक बिटची, म्हणजे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाची होती. फुलीशेजारी बारीक ठिपका दिसला की तो स्क्रू जपानी मापाचा, म्हणजे जेआयएस. (जुन्या जपानी गाडीवर ठिपका नसला तरी तोच धरा.) त्यात फिलिप्स, म्हणजे नेहमीच्या फुलीचं, बिट तळाला टेकत नाही, जोर लावला की वर सटकतं. जेआयएस बिटच आणा. खाचेत ठेवून हलवा. डुगडुगलं तर नंबर बदला. सहा पाकळ्यांच्या टॉर्क्स स्क्रूमध्ये अ‍ॅलन की (षटकोनी चावी) कोंबू नका. टी-25 आणि टी-27 ही टॉर्क्सची मापं तर नुसत्या नजरेला सारखीच वाटतात. गंजलेल्या स्क्रूवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल सोडा, सकाळी ड्रायव्हरच्या मुठीवर हातोडीचा हलका ठोका द्या, मग दाबून फिरवा.