क्लाउडमधलं प्रायव्हेट डीएनएस: या चुका टाळा

डीएनएस म्हणजे नावावरून मशीनचा आयपी पत्ता शोधून देणारी यंत्रणा. त्यातली सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक आधी सांगतो. बाहेर वेबसाइटचं जे डोमेन आहे, त्याच नावाचा प्रायव्हेट झोन, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कला दिसणारी नावांची यादी, आत उघडायचा. एडब्ल्यूएसच्या (अॅमेझॉनचा क्लाउड) रूट ५३ या डीएनएस सेवेत हे मिनिटभरात होतं, म्हणून तर होतं. पण तो झोन व्हीपीसीला, म्हणजे क्लाउडमधल्या आपल्या खाजगी नेटवर्कला, जोडला की तिथल्या सगळ्या मशीनसाठी त्या डोमेनचा धनी तोच. झोनमध्ये नोंद सापडली नाही तर रिझॉल्व्हर (नावांची उत्तरं शोधून देणारा) बाहेर विचारायला जात नाही. 'एनएक्सडोमेन', म्हणजे असं नावच नाही, असं सांगून मोकळा होतो.

पणजीतल्या एका हॉटेल बुकिंगवाल्यांकडे हेच झालं. चवथ दोन दिवसांवर, अर्धी टीम गावी पोचलेली. डेटाबेसला सुटसुटीत नाव हवं म्हणून एका उत्साही मुलाने असा झोन उघडला आणि त्यात डेटाबेसची एकच नोंद टाकली. त्याच डोमेनखाली 'पे' नावाचं सबडोमेन होतं, बाहेरच्या पेमेंट गेटवेकडे जाणारं. सर्व्हरना ते दिसेनासं झालं आणि बुकिंग थांबलं. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र सगळं ठीक, कारण लॅपटॉप बाहेरच्या डीएनएसला विचारत होता. त्यामुळे संध्याकाळभर गेटवेवाल्यांना फोनवर शिव्या. सर्व्हरवर लॉगिन करून 'डिग' (डीएनएसला थेट विचारणारी कमांड) चालवावं हे कुणाला सुचलं नाही. मी तिथे गेल्यावर पहिलं तेच केलं आणि उत्तर समोर होतं.

मी आतल्या नावांसाठी कायम वेगळं सबडोमेन घेतो, 'इंट' वगैरे, आणि प्रायव्हेट झोन तेवढ्याचाच करतो. नाव चार अक्षरांनी लांबतं. लांबू दे.

गोष्ट तिथे संपली नाही. 'पे'ची नोंद झोनमध्ये घातल्यावरही चूक लगेच जाईना, कारण 'नाही' हे उत्तरसुद्धा कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, राहतं. रूट ५३ च्या मूळ सेटिंगप्रमाणे १५ मिनिटांपर्यंत. तेवढं थांबायला कुणाला धीर नव्हता. एकाने सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये (नावापुढे आयपी हाताने लिहायची फाइल) गेटवेचा आयपी लिहून टाकला आणि "झालं" म्हणून सगळे घरी. काही आठवड्यांनी गेटवेचा आयपी बदलला आणि बुकिंग पुन्हा बंद. या वेळी 'डिग' बरोबर उत्तर देत होतं, कारण डिग होस्ट्स फाइल वाचतच नाही. अॅप मात्र ती आधी वाचतं. म्हणून मी डिगच्या जोडीला 'गेटएंट होस्ट्स' चालवतो; अॅपला काय दिसतं ते तिथे कळतं. आरडीएसचा (एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा) आयपी होस्ट्समध्ये लिहिणारे तर धन्यच. मल्टी-एझेड फेलओव्हर झाला, म्हणजे डेटाबेस दुसरीकडच्या राखीव मशीनवर गेला, की नाव नव्या मशीनकडे वळतं, तुमचं अॅप मेलेल्या मशीनचं दार वाजवत बसतं. नवशिक्यांच्या हातून ती फाइल काढून घ्यावी असं माझं प्रामाणिक मत आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. व्हीपीसीवर डीएनएस सपोर्ट आणि डीएनएस होस्टनेम्स ही दोन्ही सेटिंग चालू लागतात. एक चालू करून दुसरं विसरणारे पुष्कळ. झोन एका अकाउंटमध्ये आणि व्हीपीसी दुसऱ्यात असेल तर आधी झोनवाल्याने परवानगी द्यायची, मग व्हीपीसीवाल्याने जोडणी करायची. सबनेट (नेटवर्कचा तुकडा) दुसऱ्या अकाउंटकडून शेअर करून घेतलेलं असेल तर व्हीपीसी तुमची नाही, मूळ मालकाला गाठा. स्वतःच्या कन्सोलवर बटण शोधत बसू नका. फायरवॉलमध्ये ५३ पोर्ट यूडीपीला उघडता तसा टीसीपीलाही उघडा, मोठी उत्तरं त्यावरूनच येतात.

आणि पर्वरीच्या ऑफिसातून व्हीपीएनवरून आतली नावं हवी असतील तर व्हीपीसीचा '.२' वाला (आयपी .२ ने संपणारा) रिझॉल्व्हर ऑफिसच्या फॉरवर्डरमध्ये (प्रश्न पुढे पाठवणारा डीएनएस) लिहून उपयोग नाही, तो व्हीपीसीबाहेरच्यांना उत्तर देत नाही. रूट ५३ चा इनबाउंड एंडपॉइंट (बाहेरून येणारे प्रश्न घेणारं दार) घ्यावा लागतो, निदान दोन आयपींचा. त्याचे तासाप्रमाणे पैसे लागतात, हे साहेबांना बिल येण्याआधी सांगा.